गाणारी शाळा : संत जॉन बॉस्को आणि संगीतातून शिक्षण

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. तरुणांचे पिता आणि गुरू म्हणून ते जगभर ओळखले जातात. सालेशियन संस्थेचे संस्थापक, अनाथ मुलांचे कैवारी, छपाईच्या माध्यमातून श्रद्धेचा प्रसार करणारे धर्मगुरू अशा अनेक अंगांनी त्यांच्याविषयी बोलले आणि लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या जीवनाचे एक अंग आपल्याकडे काहीसे दुर्लक्षित राहिले आहे, ते म्हणजे त्यांचे संगीतप्रेम. हे प्रेम केवळ हौसेचे नव्हते. अक्षरशत्रू, उनाड आणि बेघर मुलांना शिकते करण्यासाठी त्यांनी संगीत हे वर्गातील साधन म्हणून वापरले. आज परीक्षेच्या धास्तीने शाळेतील संगीताचा तास गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकण्याची रीत सर्वत्र रूढ होत असताना, ह्या संताच्या जीवनाकडे ह्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

बेक्की येथील बालपण

जॉन बॉस्को ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की नावाच्या वाडीत झाला. वडील फ्रान्सिस हे शेतकरी. जॉन अवघे पावणेदोन वर्षांचे असताना, १८१७ च्या मे महिन्यात वडिलांचे निधन झाले. दुष्काळाचे दिवस होते. आई मार्गारेट हिच्यावर सावत्र मुलगा अँथनी, जोसेफ आणि जॉन ही तीन मुले व वृद्ध सासू अशा सर्वांचा भार पडला. मार्गारेटला लिहिता-वाचता येत नव्हते, पण प्रार्थना आणि धर्मशिक्षण तिला मुखोद्गत होते व तेच तिने मुलांना तोंडी शिकवले. ऐकून पाठ करणे, मोठ्याने म्हणणे आणि म्हणता म्हणता मनात मुरवणे, हीच जॉनची पहिली शाळा.

नवव्या वर्षी त्यांना पडलेले स्वप्न सर्वपरिचित आहे. आपसांत भांडणाऱ्या, शिव्याशाप देणाऱ्या मुलांवर जॉन धावून जातात, तेव्हा एक तेजस्वी पुरुष त्यांना सांगतो की ह्यांना मारून नव्हे, तर सौम्यतेने व प्रेमाने जिंकायचे आहे. पाठोपाठ एक थोर स्त्री त्यांचा हात धरते आणि रानटी जनावरांच्या जागी बागडणारी कोकरे दिसू लागतात. ह्या स्वप्नाचा पूर्ण अर्थ उलगडायला त्यांना पुढे आयुष्य वेचावे लागले. पण लहानपणीच त्यांनी त्याची सुरुवात केली. जत्रेत डोंबाऱ्यांचे खेळ पाहून ते स्वतः दोरीवरून चालण्यास व हातचलाखीचे प्रयोग करण्यास शिकले. रविवारी दुपारी शेतात गावकऱ्यांना जमवून ते खेळ दाखवीत. तिकीट मात्र ठरलेले असे. मध्येच खेळ थांबवून सर्वांनी रोझरी म्हणायची, एखादे भक्तिगीत गायचे आणि सकाळचे प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. खेळ, गीत आणि शिकवण ह्यांची सांगड त्या शेतातच प्रथम बसली.

शिंप्याच्या घरातील गायनाचे धडे

जॉनच्या शिक्षणाला सावत्र भावाचा विरोध होता. त्यापायी १८२८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांना घर सोडून मोल्या कुटुंबाच्या शेतावर चाकरी करावी लागली. पुढे फादर कालोस्सो ह्या वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना लॅटिन शिकवण्यास घेतले, पण १८३० साली त्यांचेही निधन झाले. त्यानंतर जॉन कास्तेलनुओवोच्या शाळेत जाऊ लागले. रोजची पायपीट फार होऊ लागली, तेव्हा त्यांची सोय गावातील रोबेर्तो नावाच्या शिंप्याकडे करण्यात आली.

परमेश्वराची योजना कशी असते पाहा. हा शिंपी ग्रेगरियन गायनाचा आणि कंठसंगीताचा चाहता होता. जॉनला शिवणकाम शिकवता शिकवता त्याने गाणेही शिकवले. जॉनचा आवाज बरा होता आणि चिकाटी दांडगी होती. काही महिन्यांतच तो मुलगा आपल्या यजमानाच्या बरोबरीने गाऊ लागला. सुई, दोरा आणि सूर ह्या तिन्ही गोष्टी त्यांना पुढे व्हाल्दोक्को येथे उपयोगी पडल्या.

१८३१ साली ते किएरी शहरात शिक्षणासाठी गेले. तेथे त्यांनी आपल्या सोबत्यांची आनंद-मंडळी स्थापन केली. ह्या मंडळीचे नियम साधे होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे वर्तन वा भाषण करायचे नाही, अभ्यास आणि धार्मिक कर्तव्ये चोख पार पाडायची आणि आनंदी राहायचे. आनंद हा धर्माचा शत्रू नसून धर्माचे फळ आहे ही त्यांची दृढ समजूत ह्याच काळातील.

मोडलेले व्हायोलिन

१८३५ साली जॉन बॉस्को ह्यांनी किएरीच्या सेमिनरीत प्रवेश केला. ह्याच काळातील एक प्रसंग त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत नमूद करून ठेवला आहे. सुट्टीत ते आपल्या एका चुलत्याच्या गावी सणासाठी गेले होते. जेवणानंतर मंडळींनी त्यांना व्हायोलिन वाजवण्याचा आग्रह केला. आपण वाद्य आणलेले नाही अशी सबब त्यांनी सांगितली, तर कोणीतरी दुसरे व्हायोलिन पैदा करून आणले. नाइलाजाने ते वाजवू लागले. थोड्या वेळाने बाहेरून पावलांचा दणदणाट ऐकू आला. खिडकीतून पाहतात तो अंगणात लोकांचा मोठा घोळका त्यांच्या तालावर नाचत होता. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या वादनावर लोकांनी बेभान नाचावे ह्याचे त्यांना अतोनात वाईट वाटले. त्यांनी वाद्य परत केले, घरी आले आणि स्वतःचे व्हायोलिन घेऊन त्याचे तुकडे तुकडे केले. पुढे पवित्र उपासनेत वाजवण्याची संधी आली तरी त्यांनी ते वाद्य पुन्हा हाती घेतले नाही.

आजच्या वाचकाला ही कृती कठोर वाटेल. त्या काळातील सेमिनरीची शिस्त कडक होती आणि गावच्या नाचाकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही ह्या प्रसंगात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. सुरांमध्ये माणसाला खेचून नेण्याची केवढी शक्ती असते ह्याचा अनुभव त्यांना त्या अंगणात आला. अशी शक्ती कोणाच्या हाती आहे आणि ती माणसांना कोठे घेऊन जाते, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला असावा. त्यांनी व्हायोलिन मोडले, पण संगीत टाकले नाही. हे ज्याला उमगले त्याला पुढील सर्व कार्याची किल्ली सापडली असे म्हणता येईल.

तुरीन शहरातील मुले

५ जून १८४१ रोजी त्यांना तुरीन येथे गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर फादर जोसेफ काफास्सो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ते पुढील अभ्यास करू लागले. काफास्सो त्यांना शहरातील तुरुंगांत घेऊन गेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले तेथे कोंडलेली पाहून तरुण धर्मगुरू हादरून गेला. ही मुले मूळची वाईट नव्हती. डोंगरखोऱ्यांतून गवंडीकामासाठी, धुराडी साफ करण्यासाठी ती शहरात येत. त्यांना ना घर, ना शाळा, ना कोणी विचारणारे. सुटून गेल्यावरही तीच मुले पुन्हा तुरुंगात दिसत, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मारियेच्या सणाच्या दिवशी, संत फ्रान्सिस असिसी ह्यांच्या मंदिरात बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा एक अनाथ गवंडी मुलगा थंडीपासून आडोसा शोधत सॅक्रिस्टीत शिरला. सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला परत बोलावले. त्याला वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते, प्रार्थना आठवत नव्हत्या. चरित्रकारांनी जतन केलेली परंपरा अशी की, तुला गाता येते का ह्या प्रश्नालाही त्याने नकार दिला. तेव्हा तुला शीळ तरी घालता येते ना, असे डॉन बॉस्को ह्यांनी विचारले आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटले. मग क्रुसाच्या खुणेपासून धर्मशिक्षणाचा पहिला धडा सुरू झाला.

शिक्षकांनी ह्या प्रसंगावर अवश्य चिंतन करावे. एकामागून एक प्रश्नांना नकारार्थी उत्तरे देणाऱ्या मुलाला, त्याला येणारी एक गोष्ट शोधून दाखवणे, हे कोणत्याही शिक्षणाचे पहिले पाऊल असते. त्या मुलाच्या बाबतीत ती गोष्ट शीळ होती.

आवाजाची तक्रार

पुढच्या रविवारी गारेल्ली आपल्या सोबत्यांना घेऊन आला. संख्या वाढत गेली. ह्या रविवारच्या मेळाव्याला ओरॅटरी हे नाव पडले व १८४४ साली संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या आश्रयाखाली ते ठेवण्यात आले. परंतु शेकडो मुलांना सामावून घेणारी जागा मिळेना. कब्रस्तानाजवळचे मंदिर, गिरण्यांचा परिसर, भाड्याच्या खोल्या, उघडे माळरान अशी त्यांची भटकंती चालू राहिली. जेथे जात तेथे लोकांची एकच तक्रार असे, ती म्हणजे मुलांच्या गोंगाटाची. शहराचे प्रशासक मार्क्विस कावूर ह्यांना तर हा जमाव धोकादायक वाटू लागला व त्यांनी रविवारी पाळतीसाठी शिपाई पाठवले.

ह्या मुलांना गप्प बसवणे डॉन बॉस्को ह्यांना शक्य नव्हते व त्यांची तशी इच्छाही नव्हती. त्यांनी त्या गोंगाटाला सूर दिला. सुपेर्गा टेकडीवर नेलेल्या सहलीचे वर्णन त्यांनी केले आहे. कोणाकडे ढोल, कोणाकडे तुतारी, कोणाकडे गिटार, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण मुलांचे आवाज त्यात मिसळले की तेवढ्यावर त्यांचे समाधान होई. नाताळसाठी त्यांनी स्वतः एक सोपे गीत रचले व रस्त्याने चालता चालता मुलांकडून त्याचा सराव करून घेतला असे चरित्रकार सांगतात. सरावासाठी खोली नव्हती, म्हणून रस्ता हाच वर्ग झाला.

१२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थान रविवारी, व्हाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या आवारातील एक बुटकी शेड त्यांना अखेर मिळाली. तिचे मंदिर झाले, शाळाही झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते मरणासन्न आजारी पडले. मुलांनी उपासतापास करून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. बरे झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आई मार्गारेटला सोबत घेऊन ते परतले आणि ती अडाणी माऊली शेकडो मुलांची आई झाली.

संपूर्ण वर्ग गातो

दिवसभर विटा वाहणारी, भिंती बांधणारी मुले रात्री व्हाल्दोक्कोत येऊन अक्षरे गिरवू लागली. ह्या रात्रशाळेत वाचन, लेखन व हिशेब ह्यांच्या जोडीला गायन होते. त्या काळी संगीत शिकवण्याची रीत म्हणजे एक गुरू आणि एक शिष्य. ज्याच्याजवळ पैसा त्यालाच ते परवडे. डॉन बॉस्को ह्यांच्यापाशी शिष्य पुष्कळ आणि शिक्षक एकच, तोही ते स्वतः. म्हणून १८४७ च्या सुमारास त्यांनी सर्व मुलांना एकत्र बसवून, एकाच वेळी, वर्ग म्हणून संगीत शिकवण्यास आरंभ केला. ही गोष्ट तेथे इतकी नवी होती की ऐकण्यासाठी गर्दी होऊ लागली. तुरीन शहरातील नामवंत संगीतशिक्षक संध्याकाळी येऊन बसत. त्यांच्या तुलनेत आपले ज्ञान किती तोकडे आहे हे डॉन बॉस्को जाणून होते व त्यांनी मिस्किलपणे ते लिहूनही ठेवले आहे. ते थोर शिक्षक संगीत शिकण्यासाठी नव्हे, तर इतक्या मुलांना एकदम कसे शिकवायचे हे पाहण्यासाठी येत असत.

तयार झालेले बालगायक प्रथम ओरॅटरीत, मग तुरीन शहरातील मंदिरांत आणि रिव्होली, मोंकालिएरी, किएरी अशा गावांत मिस्सेच्या वेळी गाऊ लागले. लहान मुलांचे गानवृंद त्या भागातील लोकांनी तोवर ऐकले नव्हते. कॅनन नासी व फादर कियातेल्लिनो हे दोन धर्मगुरू ऑर्गन वाजवण्यासाठी व दिग्दर्शनासाठी सोबत जात. काल ज्यांना रस्त्यावरची टोळी म्हटले जात होते, त्यांच्या गायनाने आज सणाची मिस्सा सजत होती. मुलांच्या मनावर ह्याचा काय परिणाम झाला असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. ज्या मुलाला समाजाने नेहमी बाहेर हाकलले, त्याला वेदीजवळ जागा मिळाली, आणि ती दयेने नव्हे, तर त्याने कष्टाने मिळवलेल्या कौशल्यामुळे.

१८४७ साली त्यांनी मुलांसाठी प्रार्थनांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात भक्तिगीते व संध्याप्रार्थनाही होत्या. ह्यामागील अध्यापनाचे गुपित सोपे आहे. जी ओळ मुलाला गाऊन पाठ झालेली असते, ती पुस्तकात छापलेली दिसली की अक्षरांची ओळख लवकर पटते. कान अगोदर शिकतो व डोळा त्याच्यामागून येतो. आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाढे हेल काढून म्हटले आणि कविता चालीवर पाठ केल्या, त्या उगाच नव्हेत. वयाच्या सत्तरीतही ती चाल आठवते आणि चालीबरोबर शब्द आपोआप ओठांवर येतात.

मीटर आणि ग्रॅमचे नाटक

गाण्याच्या जोडीला त्यांनी रंगभूमीचाही उपयोग केला. पिएमोंतेच्या राज्यात १ जानेवारी १८५० पासून दशमान पद्धतीची वजने व मापे सक्तीची होणार होती. राझो, रुब्बो, ब्रेन्ता ह्या जुन्या मापांची सवय असलेली जनता गोंधळून गेली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर शेर, मण आणि पायली जाऊन किलो आणि लिटर आले, तेव्हाचा गोंधळ ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. फसवणुकीचा धोका अर्थातच अडाणी मजुराला सर्वाधिक होता. डॉन बॉस्को ह्यांनी दशमान पद्धतीवर एक सोपे पुस्तक लिहिले. पण ज्यांना धड वाचता येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी त्यांनी दुकानदार, गिऱ्हाईक व कारागीर ह्यांच्यातील विनोदी संवाद रचले व १६ डिसेंबर १८४९ रोजी मुलांकडून ते रंगमंचावर सादर करवले. प्रेक्षक पोट धरून हसले आणि घरी जाताना मीटर म्हणजे किती हे समजून गेले. इटलीतील बालशिक्षणाचे अग्रणी आबे फेरांते आपोर्ती हे ह्या प्रयोगास उपस्थित होते व त्यांनी ह्या कल्पनेची प्रशंसा केली.

वाद्यवृंद आणि शिस्त

पुढील काळात व्हाल्दोक्कोत चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाई ह्यांचे कारखाने उभे राहिले. १८५० नंतरच्या दशकात पितळी वाद्यांचा बँडही सुरू झाला. दरवर्षी शरद ऋतूत मुलांना घेऊन डॉन बॉस्को पायी सहलीला निघत. १८६१ ते १८६४ ह्या वर्षांत ह्या सहली दूरदूरच्या गावांपर्यंत गेल्या. बँड वाजवीत मुले गावात शिरत, सकाळी मिस्सेत गात, संध्याकाळी नाटक करीत. १८६४ च्या अशाच सहलीत मोर्नेझे गावी मारिया मझारेल्लो ह्यांची व त्यांची भेट झाली आणि त्यातून १८७२ साली मुलींच्या शिक्षणासाठी सालेशियन भगिनींची संस्था उदयास आली.

ह्या सर्व गोष्टी सुरळीतच पार पडल्या असे मात्र नाही. १८५९ साली संत सिसिलिया ह्या संगीतकारांच्या आश्रयदात्या संतेच्या सणाला बँडमधील काही मुलांनी, मनाई असताना, बाहेर खाणावळीत मेजवानी केली. डॉन बॉस्को ह्यांनी तो वाद्यवृंद बरखास्त केला आणि नवीन मुले घेऊन पुन्हा श्रीगणेशा केला, असे चरित्रकार सांगतात. किती वर्षांचा सराव त्यांनी एका दिवसात सोडून दिला! ज्या हाताने एकेकाळी व्हायोलिन मोडले होते, त्याच हाताने हा निर्णय घेतला. त्यांच्या दृष्टीने मुले संगीतासाठी नव्हती, संगीत मुलांसाठी होते. वाद्यामुळे मूल स्वतःला इतरांहून वेगळे व वरचढ समजू लागले, तर त्या वाद्याने आपले काम केलेले नाही.

१८७७ साली त्यांनी आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटासा निबंध लिहिला. त्यांची पद्धत प्रतिबंधक पद्धत म्हणून ओळखली जाते. विवेक, धर्म आणि वात्सल्य ह्या तीन गोष्टींवर ती उभी आहे. मुलाने चूक करावी व मग शिक्षा भोगावी अशी वाट न पाहता, शिक्षकाने सतत त्याच्या सोबत राहून चूक घडण्याची वेळच येऊ देऊ नये, हे तिचे सूत्र. मुलांना उड्या मारण्याची, धावण्याची, हवा तेवढा आवाज करण्याची मोकळीक द्यावी, असे त्यात म्हटले आहे. व्यायाम, संगीत, पठण, नाटक व सहली ही शिस्त लावण्याची प्रभावी साधने म्हणून त्यांनी गणली आहेत. शिस्त म्हणजे शांतता असे मानणाऱ्या शाळांना ही गोष्ट आजही पचणे जड जाईल.

एका विद्यार्थ्याची कहाणी

ह्या गाणाऱ्या शाळेतून काय निष्पन्न झाले, हे जॉन काल्येरो ह्यांच्या जीवनावरून दिसते. डॉन बॉस्को ह्यांच्याच गावचा हा मुलगा १८५१ साली व्हाल्दोक्कोत आला. खोडकर, पण सुरांचे वेड असलेला. १८५४ साली तो विषमज्वराने मृत्यूच्या दारात पोहोचला होता, त्यातून वाचला. डॉन बॉस्को ह्यांनी त्याच्या वेडाला वाट करून दिली. १८६२ साली तो धर्मगुरू झाला. धुराडी साफ करणारा पोरगा, अनाथ बालक, खलाशी अशा गरिबांच्या जीवनावर त्याने रचलेली गीते ओरॅटरीतील मुले गात असत. ९ जून १८६८ रोजी ख्रिस्ती जनांची साहाय्यक मारिया ह्या महामंदिराचा अभिषेक झाला, तेव्हा काल्येरो ह्यांनी तीन गानवृंदांसाठी रचलेले स्तोत्र तेथे गायले गेले. त्यांपैकी एक वृंद उंच घुमटाच्या कठड्यावर उभा होता. ज्या मंदिराच्या जागी काही वर्षांपूर्वी शेते होती, तेथे वरून व खालून मुलांचे सूर एकमेकांना साद देत होते.

हेच काल्येरो १८७५ साली सालेशियन संस्थेच्या पहिल्या मिशनरी तुकडीचे प्रमुख म्हणून अर्जेंटिनाला गेले. १८८४ साली ते संस्थेचे पहिले बिशप व १९१५ साली पहिले कार्डिनल झाले. १९२६ साली त्यांचे निधन झाले. प्रत्येक गाणारे मूल कार्डिनल होत नाही व त्याची गरजही नाही. परंतु व्हाल्दोक्कोतून बाहेर पडलेले कित्येक सुतार, चांभार व गवंडी आपापल्या गावच्या मंदिरात आयुष्यभर गात राहिले असतील, तर तेही फळ थोडेथोडके नव्हे.

निधन व वारसा

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को ह्यांनी आपला आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवला. १९२९ साली त्यांना धन्यवादित व १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान रविवारी, पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. १९८८ साली त्यांच्या निधनाच्या शताब्दीनिमित्त पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांच्या शिक्षणपद्धतीवर एक विशेष पत्र लिहिले.

त्यांचे सुपुत्र १९०६ साली तामिळनाडूतील तंजावर येथे आले, १९२८ साली मुंबईत पोहोचले आणि १९४६ साली गोव्यात त्यांनी काम सुरू केले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को माऊलीच्या मंदिरात आपल्यापैकी अनेकांनी मेणबत्ती लावली असेल. २०११ साली त्यांचे पवित्र अवशेष भारतात आणले गेले, तेव्हा भाविकांनी लोटलेली गर्दीही वाचकांना स्मरत असेल.

आपल्यासाठी बोध

ह्या संताला नुसते वंदन करून थांबणे योग्य होणार नाही. आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षणाच्या वर्गांकडे पाहू या. रविवारी सकाळी मुले येतात, हजेरी होते, पुस्तकातील धडा वाचला जातो, प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जातात. गाणे असलेच तर सणाच्या आधी दोन आठवडे आणि तेही निवडक मुलांचे. ज्यांचा आवाज चांगला नाही त्यांना मागे बसवले जाते. ह्यात आम्ही धर्मगुरूही दोषी आहोत. स्पर्धेतील बक्षिसाच्या मोहाने आम्हीही पुष्कळदा मोजक्या गळ्यांना पुढे केले व बाकीच्यांना श्रोते बनवले. डॉन बॉस्को ह्यांनी बरोबर ह्याच्या उलट केले होते. त्यांनी अगोदर सर्वांना शिकवले आणि त्यातून गानवृंद आपोआप घडला.

म्हणून शिक्षक-शिक्षिकांना आमची काही नम्र विनंती आहे. प्रत्येक वर्गाची सुरुवात सर्वांनी मिळून गायलेल्या एका कडव्याने करावी. दहा आज्ञा, सात संस्कार, रोझरीची रहस्ये ही सोप्या चालीत बांधून मुलांना द्यावीत. वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला गीताची वही अगोदर द्यावी. आवाज बसका असलेल्या मुलाच्या हाती झांज किंवा खंजिरी द्यावी, पण त्याला वर्तुळाबाहेर ठेवू नये. शाळांच्या व्यवस्थापकांनी परीक्षेच्या महिन्यात संगीताचा तास काढून घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. थकलेल्या मनाला तोच एक तास उभारी देत असतो. दिवसभर विटा वाहून थकलेल्या मुलांना रात्री दहा वेळा पाढे म्हणायला लावण्याऐवजी डॉन बॉस्को ह्यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतले आणि ती मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. शाळा कोणतीही असो, मूल दुसऱ्या दिवशी आपणहून परत येते की नाही, हीच तिची खरी परीक्षा.

आपल्या मंदिराच्या दारात आजही एखादा गारेल्ली उभा असेल. पहिला ख्रिस्तप्रसाद घेऊन झाल्यावर वर्गाकडे न फिरकलेला, शाळेत नापास झालेला, घरी कोणी विचारपूस न करणारा. त्याला काय येत नाही ह्याची यादी सर्वांजवळ आहे. त्याला काय येते हे विचारणारा कोणीतरी हवा आहे. कदाचित त्यालाही फक्त शीळ घालता येत असेल. तेवढ्यावरून आरंभ करण्याची कृपा संत जॉन बॉस्को ह्यांच्या मध्यस्थीने आपल्या सर्व पालकांना, शिक्षकांना आणि धर्मगुरूंना लाभो, ही प्रभुचरणी प्रार्थना.